तारेची अँटेना: एसडब्ल्यूआर १.१ असूनही लांबचे स्टेशन उत्तर का देत नाही?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती आला आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत ६ मीटरचा खांब रोवून तुम्ही ७ मेगाहर्ट्‌झसाठी इन्व्हर्टेड-व्ही डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, मध्य खांबावर आणि टोके खाली उतरलेली तार) बांधला आणि टोके कापत कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा; १.० म्हणजे काहीच नाही) १.१ वर आणला. त्यावर दोन-तीनशे किलोमीटरच्या आतली स्टेशने 'पाच-नऊ' (स्पष्ट आणि जोरदार ऐकू येते असा रिपोर्ट) देतात, पण लांबचे कोणी उत्तर देत नाही. मग त्याच खांबावरून खिडकीपर्यंत २० मीटरची एंड-फेड, म्हणजे एका टोकाकडून चालवलेली, तार ४९:१ च्या ट्रान्सफॉर्मरवर लावली. तिचा एसडब्ल्यूआर १.८ च्या खाली येत नाही, तरी तिच्यावर सगळे जास्त मोठ्याने ऐकू येते. सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटरही रिकाम्या बँडवर डायपोलला ४ आणि हिला ७ दाखवतो. आता यातली कोणती ठेवू, १.८ चा १.० कसा करू, आणि तारेच्या अचूक लांबीचे सूत्र कोणते, हे तुम्ही विचारता.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण आधी मूळ अडचण सांगतो. तुम्ही दोन अँटेना बांधल्या, पण त्यांतली कोणती चांगली हे ठरवायला तुमच्याकडे सध्या दोनच मोजमापे आहेत, एसडब्ल्यूआर आणि कानाला जाणवणारा मोठेपणा. यातले एकही अँटेना किती चांगली आहे हे सांगत नाही. म्हणून तार बदलण्याआधी मोजण्याची रीत बदला. ती एकदा बसली की पुढचा प्रत्येक प्रयोग तुम्हाला काहीतरी निश्चित शिकवेल.

माझे काही म्हणणे परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगून ठेवतो. तुमच्या जागेतली माती, आजूबाजूची लोखंडी कामे, घरातल्या उपकरणांचा गोंगाट, तुम्ही बँडवर बसता ती वेळ, यांतले मला काहीच दिसत नाही. म्हणून आकडे देईन ते सुरुवात करण्यासाठी, आणि प्रत्येक ठिकाणी ते स्वतः कसे तपासायचे तेही सांगेन.

एसडब्ल्यूआरपासून सुरू करू. हा मीटर दारावरच्या पहारेकऱ्यासारखा आहे. किती जण आत गेले आणि किती परत फिरले एवढे तो सांगतो, आत गेलेल्यांनी काय केले ते त्याला ठाऊक नसते. १.८ म्हणजे साधारण ८ टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते. ती सगळी वाया गेली असे मानले तरी तोटा ०.४ डेसिबलच्या आत राहतो. एस-मीटरवरचे एक एकक ६ डेसिबलचे धरतात. म्हणजे १.८ चा १.० करण्यात तुम्ही आठवडे घालवलेत तरी पलीकडच्या माणसाला फरक कळणार नाही. रिग (तुमचा रेडिओ संच) एसडब्ल्यूआर २ पर्यंत कुरकुर न करता पूर्ण शक्ती देत असेल, तर तो १.८ तसाच राहू द्या.

उलट कमी एसडब्ल्यूआर फसवू शकतो, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. डमी लोडचा (अँटेनाऐवजी जोडायच्या नुसत्या रोधाचा) एसडब्ल्यूआर १.० असतो आणि तो काहीही प्रक्षेपित करत नाही. पाव तरंगलांबीची उभी तार आणि जमिनीवर रेडियल (खालून चहूबाजूंना पसरलेल्या तारा) अशी अँटेना घ्या. आदर्श जमिनीवर तिचा रोध सुमारे ३६ ओहम, म्हणजे ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर १.४. आता रेडियल दोन-चारच टाकले आणि मातीतल्या तोट्याचे १४ ओहम त्यात मिळाले, तर बेरीज बरोबर ५० होते आणि मीटर आनंदाने १.० दाखवतो. पण शक्तीचा २८ टक्के भाग माती तापवण्यात जातो. तुम्ही रेडियल वाढवत गेलात तर एसडब्ल्यूआर बिघडत १.४ कडे जाईल आणि सिग्नल सुधारत जाईल. मीटरकडे बघून निर्णय घेणारा माणूस अशा वेळी चांगले केलेले काम मोडून टाकतो.

केबलही असेच झाकून ठेवते. केबलमध्ये ३ डेसिबल जात असतील, तर अँटेनाजवळचा ३ चा एसडब्ल्यूआर रिगजवळच्या मीटरवर १.७ दिसतो. जुनी, पाणी शिरलेली केबल म्हणूनच सुरेख एसडब्ल्यूआर देते. तुमच्या डायपोलच्या १.१ मध्येही काही वाटा जमिनीतल्या तोट्याचा असणार, कारण तो तरंगलांबीच्या मानाने फार खाली आहे. त्याने काळजी करू नका, फक्त त्या १.१ ला गुणपत्रिका समजू नका.

आता एंड-फेडवर सगळे मोठे ऐकू येते त्याबद्दल. तुमचेच आकडे बघा. रिकाम्या बँडवर खरखर ४ वरून ७ वर गेली, म्हणजे तीन एकके, साधारण १८ डेसिबल. स्टेशने १८ डेसिबलने वाढली का? वाढली नसतील तर ती तुम्हाला आधीपेक्षा वाईट ऐकू येत आहेत, फक्त मोठ्या आवाजात. ऐकण्यासाठी सिग्नल आणि खरखर यांच्यातले अंतर मोजायचे. एखादे स्थिर स्टेशन लावा, ते बोलते तेव्हाचा आणि थांबते तेव्हाचा आकडा दोन्ही अँटेनांवर लिहा आणि वजाबाकी करा. ज्या तारेवर ही वजाबाकी मोठी, ती ऐकायला चांगली.

ही खरखर येते कुठून? माझा दाट संशय तुमच्या केबलवर आहे. अर्ध्या तरंगलांबीची तार टोकाकडून चालवली की तिचा रोध २५०० ओहमच्या आसपास असतो आणि प्रवाह थोडा असतो, पण शून्य नसतो. तारेत जेवढा प्रवाह शिरतो तेवढा दुसऱ्या बाजूने कुठूनतरी यावा लागतो. तुम्ही काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची वेगळी तार) दिला नसेल तर ते काम कोएक्सच्या, म्हणजे रिगपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या, जाळीची बाहेरची बाजू करते. म्हणजे केबल हीच अँटेनाचा भाग झाली, आणि ती केबल थेट घरात, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे आणि संगणकाचे पॉवर सप्लाय यांच्या शेजारून येते. त्या सगळ्यांचा गोंगाट ती गोळा करून रिगमध्ये आणते. डायपोलवरही बालन (केबलच्या बाहेरून प्रवाह जाऊ न देणारा भाग) नसेल तर हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो.

तपासणी सोपी आहे. अगदी कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर बघत कोएक्स उचला, दुसरीकडे टाका, हाताने धरून ठेवा. आकडा हलला तर केबल अँटेनाचे काम करते आहे. दुसरी तपासणी म्हणजे रिग बॅटरीवर चालवा आणि घराचा मुख्य स्विच काही मिनिटे बंद करून ऐका. खरखर एकदम कोसळली तर तिचा उगम घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा, दोषी उपकरण सापडते.

उपाय चोकचा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या बाजूचा प्रवाह अडवणाऱ्या वेढ्यांचा. फेराइटच्या ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे, साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचे कडे घेऊन त्यावर आरजी-५८ या कोएक्स केबलचे दहा-बारा वेढे दिले की ७ मेगाहर्ट्‌झला बाहेरच्या प्रवाहाला काही हजार ओहमचा अडथळा मिळतो. लाल किंवा पिवळ्या रंगाची लोहभुकटीची कडी दिसायला सारखीच असतात, पण या कामाला चालत नाहीत. डायपोलला चोक थेट मध्यावर लावा. एंड-फेडला तो ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावला तर परतीच्या प्रवाहाला वाटच उरत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला दोनएक मीटरची वेगळी तार द्या, आणि मग चोक लावा. किंवा केबलचा तेवढाच तुकडा मोकळा सोडून त्यापुढे चोक लावा. चोक लावल्यावर एंड-फेडचा एसडब्ल्यूआर बदलेल, कदाचित वाढेल. तो बदल म्हणजे केबल अँटेनाचा भाग होती याचा पुरावा आहे, चोक वाईट असल्याचा नाही.

तुमचा डायपोल लांबच्यांपर्यंत का पोचत नाही, याचे कारण बिघाडात नसून उंचीत आहे. ७.१ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. ६ मीटर म्हणजे तिचा सातवा भाग. एवढ्या खालचा आडवा डायपोल आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकतो. आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग) ती परत खाली पाठवते आणि ती दोन-चारशे किलोमीटरच्या परिघात पसरते. म्हणून जवळचे 'पाच-नऊ' देतात. शेजारच्या जिल्ह्यांशी भरवशाने बोलायचे असेल, आपत्तीच्या काळात संपर्क ठेवायचा असेल, तर हीच अँटेना उत्तम आहे आणि ती उंच करू नये. लांब जायचे तर लहरी क्षितिजाकडे झुकवाव्या लागतात, त्यासाठी आडवी तार अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास उंच हवी. ७ मेगाहर्ट्‌झला ती उंची २१ मीटर होते आणि बहुतेकांना ती जमत नाही.

पण वरच्या बँडवर हेच गणित तुमच्या बाजूने फिरते. १४ मेगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी साडेदहा मीटर, २१ ला सात मीटरच्या आसपास, २८ ला पाच-सव्वापाच मीटर. तुमचा ६ मीटरचा खांब २८ मेगाहर्ट्‌झसाठी पुरेसा उंच आहे, २१ साठी जवळजवळ पुरेसा. तोच ७ मेगाहर्ट्‌झचा डायपोल २१ वर तीन अर्ध्या लहरींचा होऊन चालतो. फक्त त्याचा रेझोनन्स (तार ज्या वारंवारतेवर जुळते ती जागा) बरोबर तिप्पटीवर न येता काहीसा वर येतो, कारण टोकांचा परिणाम दोन्ही बँडवर टोकांपुरताच असतो. जुळवायचे असेल तर मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरच्या सुमारास तारेचा छोटा तुकडा लोंबता सोडा. २१ वर तिथे व्होल्टेज सर्वाधिक असते, त्यामुळे तेवढ्यानेही तिथला रेझोनन्स खाली येतो आणि ७ चा फारसा ढळत नाही. आणि ७ मेगाहर्ट्‌झवरच लांब जायचे असेल तर दुपारी प्रयत्न करू नका. दिवसा आयनांबराचा खालचा डी थर हा बँड शोषून घेतो. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ऐका, कमी उंचीचा डायपोलसुद्धा तेव्हा आश्चर्यकारक अंतरे काढतो.

लांबीचे सूत्र तुम्हाला ठाऊक असेलच, १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ म्हणजे डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१ मीटर. पण अचूक लांबी कुठल्याच सूत्रात नाही. प्लास्टिकचे आवरण असलेली तार उघड्या तारेपेक्षा दोन ते पाच टक्के आखूड लागते. व्हीचा कोन, जमिनीची जवळीक, शेजारचे पत्रे, सगळेच रेझोनन्स सरकवतात. म्हणून तीन-चार टक्के लांब कापा, उभी करा, मोजा आणि प्रमाण मांडा. समजा एकूण २०.६ मीटर तार ६.८५ वर रेझोनंट दिसली आणि तुम्हाला ७.१ हवे आहे. २०.६ ला ६.८५ ने गुणून ७.१ ने भागले की १९.८७ येतात. म्हणजे ७३ सेंटिमीटर कमी, प्रत्येक बाजूला साधारण ३६. हे एकदम कापू नका. टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट पिळून ठेवा आणि पुन्हा मोजा. मी स्वतः दुमडलेला भाग कायमच तसा ठेवतो, पुढे खांब हलवला तर लांबी हाताशी असते.

मोजताना एक खबरदारी घ्या. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचे छोटे उपकरण) रिगजवळ लावून जो रोध दिसतो तो अँटेनाचा नसून केबलने बदललेला असतो. एकतर केबल जोडून तिच्या दुसऱ्या टोकाला कॅलिब्रेशन करा, किंवा केबल अर्ध्या विद्युत-लांबीची ठेवा. घन पॉलिथिनच्या आरजी-५८ मध्ये लहरींचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के असतो, म्हणून ७.१ साठी ही लांबी सुमारे १३.९ मीटर येते. बाहेरून चोक नसेल तर मात्र यातले कुठलेच मोजमाप विश्वासाचे नाही, म्हणून चोक आधी.

आता तुलनेबद्दल, आणि इथे तुमच्या मांडणीत एक गोष्ट आहे जी दोन्ही अँटेनांचे निकाल बिघडवते आहे. डायपोल २० मीटरचा, एंड-फेडही २० मीटरची, दोन्ही एकाच खांबावर. दोन्ही ७ मेगाहर्ट्‌झला अर्ध्या लहरीच्या, त्यामुळे एकीवर प्रक्षेपण केले की दुसरीत प्रवाह वाहतो. तुम्ही म्हणाल, मी न वापरलेली काढून ठेवतो. एंड-फेडच्या बाबतीत ते पुरत नाही. टोकाशी ट्रान्सफॉर्मरपासून सोडवली तरी ती २० मीटरची सलग तार राहतेच आणि सलग तार रेझोनंट राहते. डायपोल तपासताना एंड-फेड खाली उतरवा, नाहीतर तिला बरोबर मध्यावर एक जोड ठेवून तो उघडा. दहा-दहा मीटरचे दोन तुकडे ७ ला फारसा त्रास देत नाहीत. कायमची सोय हवी असेल तर दोघींना काटकोनात आणि जमेल तितकी दूर बांधा.

तुलना करायची पद्धत अशी. आयनांबरामुळे सिग्नल काही सेकंदांत दोन-तीन एककांनी वरखाली होतो. त्यामुळे काल एका अँटेनावर मिळालेला रिपोर्ट आणि आज दुसरीवर मिळालेला रिपोर्ट यांची तुलना निरर्थक आहे. हाताने करायची तर कोएक्सचा स्विच लावा, एकाच स्टेशनवर झटपट आलटून पालटून ऐका, आणि एकदा नव्हे तर पुष्कळदा, वेगवेगळ्या अंतरांच्या स्टेशनांवर. प्रक्षेपणासाठी माझी पसंती डब्ल्यूएसपीआरला आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये ही पद्धत हौशी रेडिओवाल्यांना दिली. दर खेपेला जवळजवळ दोन मिनिटांचे प्रक्षेपण होते, जगभरची ऐकणारी केंद्रे तुमचा सिग्नल खरखरीच्या तुलनेत किती डेसिबल होता ते नोंदवतात, आणि एक वॅटसुद्धा पुरतो. एक खेप डायपोलवर, पुढची एंड-फेडवर, असे काही तास चालवा. मग फक्त तीच केंद्रे घ्या ज्यांनी दोन्ही ऐकल्या, आणि प्रत्येकासाठी फरक काढा. पाचशे किलोमीटरच्या आतली केंद्रे एकीकडे, दोन हजारांच्या पलीकडची दुसरीकडे ठेवा. बहुधा तुम्हाला 'ही चांगली, ती वाईट' असे उत्तर मिळणारच नाही. एक जवळ चांगली, दुसरी लांब चांगली, असे दिसेल, आणि तेच खरे उत्तर असेल. एक-दोन डेसिबलचा फरक असेल तर तो फरक नाही असेच धरा.

ही तुलना चालण्यासाठी एक अँटेना स्थिर लागते. डायपोल हीच तुमची मोजपट्टी ठेवा. चोक लावून एकदा नीट बसवला की त्याला हात लावू नका, आणि नवीन काहीही केले की ते त्याच्याशी ताडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. लांबी आणि उंची एकाच दिवशी बदलली तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. वहीत तारीख, वेळ, बँड, लांबी, टोकांची उंची, काय बदलले, आणि तार ओली होती की कोरडी एवढे लिहा. आवरणाच्या तारेचा रेझोनन्स पावसात थोडा खाली सरकतो आणि वही नसेल तर माणूस त्यावरून उगाच तार कापायला निघतो.

तारेच्या जाडीवर, धातूवर फार वेळ घालवू नका. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार शंभर वॅटला उत्तम चालते. मऊ तांबे ताणाखाली लांबते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांनी लांबी पुन्हा मोजा. झाडाला बांधत असाल तर एका टोकाला कप्पी आणि वजन ठेवा, वाऱ्यात झाड हलले की तार तुटणार नाही.

सुरक्षेची गोष्ट मात्र सवडीने करायची नाही. तार तुटून पडली किंवा टाकताना उडाली तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही, एवढे अंतर आधी मोजा. जागा तशी नसेल तर तिथे अँटेना बांधू नका. १०० वॅटला एंड-फेडच्या २५०० ओहमच्या टोकाला ५०० व्होल्ट असतात, शिखर ७०० च्या वर जाते. तुमचा ट्रान्सफॉर्मर खिडकीपाशी आहे, म्हणजे ते टोक घरातल्या माणसांच्या हाताला लागू शकते. ते आधी हलवा, खांबाच्या पायथ्यापासून दूर, कुंपणाच्या आत पण डोक्याच्या वर. डायपोलची टोकेही उभ्या माणसाच्या हाताबाहेर ठेवा. वादळाची चिन्हे दिसू लागताच, गडगडाट ऐकू येण्याआधीच, केबल रिगपासून सोडवून घराबाहेर ठेवा. वीज दूर असली तरी लांब तारेवर साठलेला भार रिसीव्हरचा पहिला टप्पा जाळू शकतो.

म्हणून पहिल्या सुटीला ट्रान्सफॉर्मर खिडकीपासून हलवा, दोन चोक करा, एक डायपोलच्या मध्यावर आणि एक एंड-फेडच्या केबलवर. घराचा मुख्य स्विच बंद करून खरखरीचे आकडे घ्या. मग एंड-फेड डायपोलला काटकोनात फिरवा आणि तिच्याकडून ७ ऐवजी १४, २१ आणि २८ चे काम घ्या. २० मीटरची तार या तिन्ही बँडवर अर्ध्या लहरींच्या पूर्ण पटीत बसते, तिच्यावरून तुम्ही लांबची स्टेशने शोधा. ७ मेगाहर्ट्‌झ डायपोलकडेच राहू द्या. मग दोन्हींतली कोणती ठेवू हा प्रश्न उरत नाही, दोन्ही ठेवा. हे केल्यावरही लांबचे उत्तर आले नाही तर डब्ल्यूएसपीआरची एका रात्रीची नोंद आणि चोक लावल्यानंतरचे खरखरीचे दोन आकडे कळवा, त्यांवरून पुढे उंची वाढवायची की १४ साठी पाव लहरीची उभी तार करून बघायची ते ठरवता येईल.